जुन्या पिकअपचा बॉल जॉइंट

अमिरातीतल्या अल ऐनच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, रत्नागिरीचे एक चाचा जुन्या गाड्यांचे पार्ट विकतात. सहा वर्षं जातोय त्यांच्याकडे, पण नाव कधी विचारलं नाही. मॉडेलचं साल सांगायला लागलो की ते हात वर करतात. "खलास. जुना पार्ट द्या." मग डोळे मिटून तो अंगठ्याने चाचपतात आणि "हाच" म्हणत नवा डबा पुढे सरकवतात.

मागच्या महिन्यात माझ्या पिकअपचं पुढचं चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट त्यांनी असाच दिला. शेजारच्या गॅरेजात तो बसवून घेतला आणि चाचांना सांगून बायको-मुलीसह जबल हफीतचा डोंगर चढायला निघालो. पायथ्याशीच हॉर्न वाजवत चाचांची व्हॅन आडवी आली.

"उतरा भाऊ! गाडी वर नेऊ नका."

"काय झालं, चाचा?"

"तुमचा जुना पार्ट परत हातात घेतला. नव्याचा दांडा सूतभर बारीक आहे. बसला खरा, पण वळणावर सुटेल. चूक माझी."

आवाजात ओशाळेपणा नव्हता, घाई होती. पिकअप तिथेच ठेवून त्यांनी आम्हाला व्हॅनमधून सनाइयात आणलं. दुकान सताड उघडं होतं. शटर ओढायलाही ते थांबले नव्हते.