ताईंच्या डाव्या हातची रोटी

मंडळी, आज दुपारी घडलेलं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लकव्यानं उजवा हात गेल्यापासून माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या ताई, स्वयंपाकघरात फिरकल्याच नव्हत्या. आज अचानक पाहुणे आले. नान करावेत म्हणून मी यीस्ट शोधत होते, तर दारातून ताईंचा आवाज आला, "यीस्ट कशाला? कणकेत दही, मीठ, चिमूटभर सोडा घाल की!"

"मळून द्याल का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सर बाजूला. बघू दे."

डाव्या हातानं त्यांनी पीठ मळलं, ओल्या फडक्यावर रोटी थापली आणि तव्यावर टाकली. पहिली फाटली. दुसरी टम्म फुगली! पाहुण्यांनी मागून मागून रोट्या खाल्ल्या.

आता म्हणतात, "उद्या भाकरी बघते."

डाव्या हातानं भाकरी थापणारं कुणी आहे का इथं? कशी थापायची, ते ताईंना त्यांच्याकडून विचारून घ्यायचंय.