सव्वादोनच्या बांगड्या आणि ऑस्ट्रेलियातली बातमी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना पलंगावर काढला आणि मला एक विचित्र नाद लागला: इंटरनेटवर ऑस्ट्रेलियातली शंभर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचायचा. मोठ्या बातम्या नाहीत हं. कुणाच्या काकाकुव्याने पाद्र्याला शिव्या दिल्या, कुणा बाईंची कवळी सहलीत हरवली म्हणून त्यांनी जाहिरात दिली, असलं. एका दुपारी शोधात सहज ‘ग्वाल्हेर’ टाकलं आणि जे समोर आलं ते वाचताना चहा गार झाला.

आमचे पणजोबा, रावजी, ग्वाल्हेर संस्थानच्या घोडदळासाठी घोडे आणायला ऑस्ट्रेलियाला गेले ते परतलेच नाहीत. तिथे मडमेशी लग्न करून राहिले, असं गावाने ठरवलं. घराण्यानेही मान्य केलं. पणजी मात्र मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, बापाला कधी तर्पणाचं पाणी दिलं नाही आणि माझ्या काकांनाही देऊ दिलं नाही.

ही बातमी फोनवर सांगायची नव्हती. काका ऐंशीचे, हृदयात दोन स्टेंट, आणि रावजींचं नाव निघालं की ताटावरून उठणारे. पुण्याहून ग्वाल्हेरला थेट गाडी आहे, जवळजवळ अख्खा दिवस लागतो. थ्री-एसीचं तिकीट दोन हजारांच्या आसपास. गुडघा दुखरा असेल तर खालचा बर्थ आधीच मागून घ्या, मी वरच्या बर्थवर चढताना पूर्वजांना हाका मारल्या.

स्टेशनवरून काकांच्या घरी, जयेंद्रगंजला, रिक्षावाल्याने दीडशे मागितले, शंभरात आला. दारात काकू उभीच. “अगं, फोन करून दिला असतास तर हे घ्यायला आले असते. बैस, चाय पी आधी.” काका खूश होते. “तू आलीस, मला फार चांगलं लागलं,” असं त्यांचं खास ग्वाल्हेरी मराठी. इतक्या आनंदी माणसाला काय सांगणार? पहिला दिवस मी भ्याडासारखी बेडई-भाजी, म्हणजे डाळ भरलेली पुरी आणि बटाट्याचा रस्सा, आणि जिलबी खाण्यात घालवला. बेडई सकाळी नऊच्या आत खा, नंतर भाजी संपते. संध्याकाळी रिक्षाने उरवाई दरवाजातून किल्ल्यावर गेले. तिथे वारा इतका मोकळा होता की सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण ऐकायला माकडं होती.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाली, “हरतालिका आली ना जवळ, चल, बांगड्या भरू.” दौलतगंजातल्या कासाराने माझा हात दाबून पाहिला.

“दीदी, सवा दो आएगा. ये तो बच्चियों का नाप है.”

काकू हसली. “तुमच्या घरात लेकी पणजीचाच हात घेऊन येतात. आमच्या सासूबाई सांगायच्या.”

मी दुकानातच खाली बसले. कारण बातमीत नेमकं तेच होतं. मग ठरवलं, आजच.

जेवणानंतर काकूने काकांना गोळी दिली, मी कागद काढला आणि मराठीत वाचत गेले. एका बंदराच्या गावातल्या कापडदुकानात ग्वाल्हेरचा एक घोडेवाला आला. डाव्या करंगळीचं टोक नव्हतं, ते घोड्याने खाल्लं असं तो हसत खुणेने सांगत होता. त्याला बांगड्या हव्या होत्या. भाषा येईना, म्हणून त्याने बोटांचं कडं करून माप दाखवलं. दुकानातल्या मुली एकेक करून हात पुढे करत गेल्या, कुणाचाच हात तेवढा बारीक निघेना, आणि सगळं दुकान हसत होतं. शेवटी मालकाच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातावरून त्याने बारा बांगड्या घेतल्या. शनिवारच्या बोटीने तो बायकोकडे परत निघणार होता.

त्याखाली पुढच्या आठवड्यातल्या चार ओळी. तोच माणूस बोट निघायच्या आदल्या दिवशी इस्पितळात तापाने वारला. दुकानातल्या मुलींनी फुलं पाठवली. बांगड्यांचं काय झालं ते छापलेलं नाही.

 मी काकूकडे पाहत होते, काकू काकांच्या छातीकडे.

“करंगळीचं पुन्हा वाच,” ते म्हणाले. मी वाचलं. “आजी सांगायची, ह्यांच्या करंगळीचं टोक घोड्याने खाल्लं. आणि जाताना माझ्या हाताचं माप घेऊन गेलेत, म्हणजे येणारच. आम्ही पोरं हसायचो गं तिला. माप घेऊन गेले ते गेलेच, असं चिडवायचो.”

मग त्यांनी अंगठा आणि मधलं बोट जुळवून कडं केलं, माझ्या मनगटाभोवती धरून पाहिलं आणि लहान मुलासारखे रडले. रडता रडता हसायला लागले. “येत होता तो! अरे, निघालाच होता!” काकूने नाडी पाहिली. ती घोड्यासारखी पळत होती, पण ठीक होती. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

परतताना काकूने गजक, तिळागुळाची खुसखुशीत वडी, बांधून दिला. गजक खरा थंडीतला, पण नाही म्हणायची सोय नव्हती. प्रवासाचा सगळा खर्च आठ हजारांत बसला.

पुण्यात आल्यावर गुडघा आठवडाभर बोलत होता. सर्वपित्रीला दुपारी काकांचा फोन आला.

“बापाचा शब्द मोडला मी. रावजींचं नाव घेतलं. आधी पुटपुटलोच, गुरुजींनी दोनदा विचारलं, कुणाचं नाव म्हणून.”

“मग?”

“तिसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं. आणि आजीला पाणी देताना म्हटलं, आजी, आम्हीच खोटे होतो.”

मी फोन ठेवला आणि सव्वादोनच्या बांगड्या घालूनच भांडी घासली.