लाल टॅग आणि बाबांची खुर्ची

जगातली सगळी दुःखं सामान चुकीच्या जागी ठेवल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. नवरा-बायकोचं भांडण झालं? पलंग फिरवा. डोकं दुखतंय? कपाट सरकवा. पोरगं नापास झालं? त्यात पोराचा काय दोष, टेबल दाराकडे तोंड करून होतं! काकांनी चाकणच्या एका कंपनीत अख्खी नोकरी ‘फाइव्ह एस’च्या कामात काढली. नको ते बाहेर काढायचं, हवं ते ठरलेल्या जागी ठेवायचं, फरशीवर पिवळे पट्टे मारायचे, असं ते काम. बाकीचे कामगार शिफ्ट सुटली की ही पद्धत गेटवर सोडून घरी जायचे. काकांनी मात्र तिला कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसवून थेरगावला घरी आणलं, ती आजतागायत तिथंच आहे.

थेरगावचं घर दोन खोल्यांचं. पाण्याच्या माठाभोवती पिवळा गोल, खुर्चीच्या चार पायांखाली चार पिवळे चौकोन, दाराशी चपलांसाठी रंगवलेली पावलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर उलथनं, झारा, चिमटा यांच्या काळ्या आकृत्या, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच कळावं. एकदा झारा शेजारणीकडे गेला, तर काका दोन दिवस त्या रिकाम्या आकृतीकडे बघत घास गिळत होते. दर दुसऱ्या रविवारी घराची फेरमांडणी. एक खिळासुद्धा विकत आणायचा नाही, हा नियम. जुन्या साडीचा पडदा होतो, पडद्याचा उशीचा अभ्रा होतो, अभ्र्याचं फडकं होतं आणि घर दर वेळी नवं. “नवीन फ्लॅट कशाला पाहिजे? हेच घर त्या कोपऱ्यातून बघायचं,” असं ते म्हणतात. मावशी एकदा बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आली आणि सवयीनं पलंगावर टेकायला गेली. पलंग तोवर पलीकडच्या भिंतीला गेला होता. खाली बसलेल्या मावशीला काका म्हणाले, “बघ, किती मोकळं वाटतंय!” घरातली एकच गोष्ट त्यांनी कधी हलवली नाही, ती म्हणजे बुद्धाची मूर्ती. कारण विचारलं तर म्हणाले, “तिला काय सांगायचं? या घरात ती एकटीच जागेवर बसलीये.”

पण काकांचं खरं हत्यार म्हणजे लाल टॅग. ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही तिला लाल कार्ड बांधायचं. तीस दिवसांत कुणीतरी त्यावर नाव आणि ठेवण्याचं कारण लिहून सही करायची, नाहीतर वस्तू भंगारात. मावशीचा चुलतभाऊ चार दिवसांसाठी आला आणि दहा दिवस राहिला, तेव्हा त्याच्या बॅगेला टॅग लागला. मावशीनं चिडून सही केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मटण चांगलं करतो.’ काकांनी रविवारी खात्री करून घेतली आणि टॅग काढला.

माझे बाबा आणि काका सख्खे साडू आणि एकाच कंपनीत, पण दोन टोकांना. बाबा युनियनचे. आमच्या कासारवाडीच्या घरात पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती, मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. ‘फरशीवर पट्टे मारून भाकरी गोल होत नाही!’ हे पत्रक बाबांनी थेट काकांवर काढलं होतं आणि गेटवर उभं राहून पहिली प्रत काकांच्याच हातात दिली होती. काकांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, “साडूभाऊ, मजकूर ठीक आहे. पण समास वाकडा गेलाय.”

बाबा गेल्याला दोन वर्षं झाली. खिडकीशी असलेली त्यांची लाकडी खुर्ची तशीच राहिली, तिच्याखाली पत्रकांचे गठ्ठे. आई ब्लाउज शिवते. तिचं मशीन आतल्या अंधाऱ्या भिंतीला होतं, आणि आता तिला सुईत दोरा ओवताना दिसेना. घरात उजेडाची जागा एकच आणि ती बाबांच्या खुर्चीनं धरलेली. आई हे बोलली नाही, पण मावशीला कळलं, म्हणजे काकांना कळलंच. ते आले, घरभर फिरले आणि खुर्चीला लाल टॅग बांधून मोकळे झाले.

“काका, ही काय वस्तू आहे का?” मी भडकले.

“मग सही कर की, पत्रकबाई. कारण लिही.”

“मी आठवणीचा फॉर्म भरणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे!”

“तत्त्व ठेव तुझ्यापाशी. ताईच्या डोळ्यांचं काय?”

मी तत्त्वाचा प्रश्न आणखी मोठ्यानं मांडला. आईनंही सही केली नाही. पेन घेऊन दोनदा खुर्चीपाशी गेली आणि दोन्ही वेळा खुर्ची पुसून परत आली.

तिसाव्या दिवशी काका दोरी घेऊन हजर. आई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मी दारात आडवी झाले आणि कष्टकऱ्यांच्या इतिहासावर जमेल तेवढं जोरदार भाषण केलं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“झालं? आता टॅग उलटा करून बघ.”

मी टॅग उलटला. मागच्या बाजूला काकांची सही होती. तारीख पहिल्याच दिवसाची. कारण : ‘मालक शिफ्टवर.’

“महिनाभर कुणी मागची बाजू बघितली नाही,” काका म्हणाले. “कंपनीत मेमो मिळाला असता.”

“अहो दाजी, मग ही दोरी?” आईनं विचारलं.

“मशीन ओढायला. माझी कंबर काय तुमच्या बापाची आहे का?”

मशीन खिडकीत, खुर्चीच्या पुढ्यात आलं. आई बिचकत बाबांच्या खुर्चीत बसली, पाठीला उशी घेतली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. मग काका फरशीवर मांडी घालून संध्याकाळपर्यंत पत्रकांचे गठ्ठे तारखेनं लावत बसले. स्वतःवरचं पत्रक सापडलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि खिशातून कात्री काढून त्याचा वाकडा समास कापून सरळ केला.

आता दर तीस दिवसांनी काका येतात आणि खुर्चीचा टॅग बदलतात. चहा घेतात, आईच्या मशीनला तेल घालतात, चार वस्तू उगाच इकडच्या तिकडे करतात. परवा मी मुद्दाम नव्या टॅगची मागची बाजू पाहिली. लिहिलं होतं, ‘ओव्हरटाइम.’

“काका,” मी म्हणाले, “बाबा सक्तीच्या ओव्हरटाइमच्या विरोधात होते.”

काकांनी टॅगची गाठ सरळ केली.

“मग काढ पत्रक,” ते म्हणाले. “समास नीट सोड.”