लिहायला आलेली माणसं

कथा कशी लिहावी हे शिकवायला मी बरीच वर्षं शनिवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी बसत होते. तिथे चांगल्या कथा किती लिहून झाल्या, ते विचारू नका. उगाच वाईटपणा नको. घडल्या मात्र ढिगाने! कुणी चहाला आलं की एक आठवते, तिच्या शेपटाला धरून दुसरी येते आणि चहा गार होतो. आमचे हे म्हणतात, "तू हे सगळं लिहून का काढत नाहीस?" अहो, लिहिणाऱ्यांकडे बघून बघूनच तर माझी लिहायची हौस फिटली!

मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचे. सायन्सच्या मुलांनी मार्क जास्त पडतात म्हणून मराठी सोडून जर्मन घ्यायला सुरुवात केली आणि माझे बाक रिकामे पडू लागले. त्याच सुमाराला वाचनालयाच्या कमिटीने 'प्रौढांसाठी सर्जनशील लेखन कार्यशाळा' असा फलक लावला, आणि काय सांगू! मुलांना मराठी नको होतं, पण त्यांचे आईवडील लेखक व्हायला रांगेत उभे!

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, "आपल्याला लिहायला का शिकायचंय?"

टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले परचुरेकाका पहिल्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "मला लिहायला शिकायचं नाहीये. मी लिहितोच."

"मग आपण इथे?"

"लोकांना वाचायला कधी शिकवताय, तेवढं विचारायला आलो."

तेवढं विचारायला ते पुढे वर्षानुवर्षं येत राहिले.

* * *

शरयूताई दामले एकदा कथा वाचत होत्या. मुलगा अमेरिकेला निघालाय, आई विमानतळावर सोडायला आलीय, असा प्रसंग. त्या काळात आमच्या निम्म्या वर्गाची मुलं अमेरिकेत, नाहीतर व्हिसाच्या रांगेत. त्यामुळे कथा कशीही असली तरी रडू हमखास यायचं. मुलगा वाकून नमस्कार करतो, आई थरथरत्या हाताने आशीर्वाद देते, इथपर्यंत शरयूताई आल्या आणि वर्गात रुमाल निघाले.

परचुरेकाकांनी हात वर केला. "आशीर्वादातला शी तुम्ही ऱ्हस्व लिहिलाय."

मी म्हटलं, "काका, त्या वाचताहेत! लिहिलेलं तुम्हाला दिसलं कुठून?"

"दिसलं नाही. ऐकू आलं."

शरयूताईंनी डोळे पुसले आणि कागद बघितला.

ऱ्हस्व होता!

* * *

आमच्या वरच्या गच्चीवर पत्रे टाकून कुणीतरी कॉम्प्युटर क्लास काढला होता. जिना एकच. त्यामुळे चुकून आमच्याकडे शिरणारी मुलं पुष्कळ, पण फलक वाचून ती लगेच पळायची. एक मात्र बसला. तासभर मी 'पात्र कसं उभं करावं' हे समजावत होते आणि हा सगळं उतरवून घेत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, कॅरेक्टर समजलं. प्रोग्रॅममधली स्ट्रिंग कधी घेणार?"

तो सौरभ. अकोल्याहून आलेला. वर पैसे भरून ठेवलेले असूनही पुढच्या रविवारी तो पुन्हा आमच्याकडेच आला. वर म्हणे खुर्ची मिळत नाही!

त्या दिवशी त्याला उशीर झाला. दारातूनच म्हणाला, "सॉरी मॅडम, मी केव्हापासून येऊन राहिलो, पण बसच मिळेना."

परचुरेकाका मान न वळवता म्हणाले, "येऊन राहिलो म्हणजे? राहायला आलात का इथे?"

"हो काका," सौरभ निरागसपणे म्हणाला, "कर्वेनगरला. कॉट बेसिसवर."

पोरगा लिहायचा बरं. पण त्याच्या प्रत्येक कथेचा नायक शेवटी अमेरिकेला जायचा. प्रेमकथा असो, भयकथा असो, शेवट व्हिसा! खडकवासल्याच्या धरणात जीव द्यायला गेलेला नायकसुद्धा पाण्यात पाय घालतो आणि तेवढ्यात ऑफर लेटर आल्याचा निरोप येतो. मी कंटाळून म्हटलं, "सौरभ, आता ऐतिहासिक लिही. तलवारी, घोडे, किल्ला. बघू कुठे नेतोस ते!"

लिहिलंन की! वेढा छान रंगवला. सरदार बिचारा जखमी होऊन किल्ला जिंकतो. राजेसाहेब खूश होऊन म्हणतात, "मागा, काय हवं ते मागा!"

सरदार मुजरा करून म्हणतो, "महाराज, दोन वर्षं तंजावरला पाठवा. कुटुंबासह."

* * *

युनूसभाईंचं नाना पेठेत हार्डवेअरचं दुकान. आजोबांपासूनचं. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे विकायचे आणि भुताच्या गोष्टी लिहायचे. त्यांची भुतंही त्यांच्यासारखीच सभ्य. दार वाजवून मगच आत यायची.

त्यांनी पहिली गोष्ट वाचली तेव्हा शरयूताई अगदी भारावून गेल्या. "युनूसभाई, तुमचं मराठी किती चांगलं आहे हो!"

युनूसभाईंनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आभारी आहे. तुमचंही बरं आहे."

परचुरेकाका त्या दिवसापासून युनूसभाईंशेजारी बसायला लागले.

* * *

शरयूताईंची सून केतकी. सासूबाई रविवारी सकाळी नक्की कुठे जातात हे बघायला आली आणि नाव घालून बसली. मग एका घरातून दोघी यायच्या. एक रिक्षाने, एक स्कूटीने.

मी एकदा अभ्यास दिला : ज्या माणसाशी तुमचं पटत नाही, त्या माणसाच्या मनात शिरा आणि 'मी' म्हणून लिहा. दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग बघायला शिकायचं, हा उद्देश. माझ्या हेतूबद्दल शंका नसावी!

शरयूताईंनी सून होऊन लिहिलं होतं. खणखणीत आवाजात वाचलं, "सासूबाईंनी मला पोटच्या पोरीसारखं वागवलं. चूक माझीच आहे. पण हे मला त्यांच्या तोंडावर कबूल करवत नाही."

केतकी शांतपणे उठली. तिने अर्थातच सासू होऊन लिहिलं होतं. "माझी सून ऑफिस सांभाळून घर किती छान बघते! माझ्या हाताला तिच्या हाताची चव नाही. पण हे मी मेले तरी म्हणणार नाही."

परचुरेकाका म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या मनात शिरायला सांगितलं होतंत ना? शिरल्या दोघी. पण आपापलं सामान घेऊन!"

* * *

एकदा आम्ही एका नामवंत साहित्यिकांना मार्गदर्शनासाठी बोलावलं. नाव सांगत नाही. त्यांना ते फार आवडेल. विषय होता 'लेखनातला संयम'. गृहस्थ बोलायला उभे राहिले ते खाली चहावाल्याने दुसऱ्यांदा आधण ठेवलं तरी उभेच! लेखकाने मोजकं लिहावं, हे त्यांनी आपल्याच पुस्तकांतले उतारेच्या उतारे वाचून पटवून दिलं.

शेवटी प्रश्नोत्तरं. युनूसभाईंनी नम्रपणे विचारलं, "सर, इतक्यात आपण कुणाचं काय चांगलं वाचलंत?"

"मी दुसऱ्यांचं वाचत नाही," साहित्यिक म्हणाले. "वाचलं की प्रभाव पडतो. लेखकाने जपायला हवं."

"असं होय!" युनूसभाई म्हणाले. "मग आम्हीही तुमचं न वाचलेलं बरं."

साहित्यिकांनी ते विनोद म्हणून घेतलं. मोठी माणसं अशीच मोठी राहतात!

* * *

सौरभला यथावकाश हिंजवडीला नोकरी लागली. तिथल्या एचआरमधल्या मुलीला त्याने माझं नाव सुचवलं. मला न्यायला गाडी आली! काचेची बिल्डिंग, गळ्यात पट्टा, आणि आत एवढी थंडी की शाल घेऊन शिकवायला लागले. ती मुलगी म्हणाली, "मॅम, एम्प्लॉईजना स्ट्रेस खूप आहे. दोन तासांत थोडं क्रिएटिव्ह रायटिंग घ्या ना. फक्त सॅड काही नको, हं. फ्रायडे आहे."

मी सोपा अभ्यास दिला. "रोज भेटणाऱ्या एका माणसाला तुम्ही तोंडावर जे बोलू शकत नाही, ते चार ओळींत लिहा. विशेषणं नकोत. कारणं नकोत. सरळ लिहा."

पोरं अशी खाली मान घालून लिहायला लागली की मला गहिवरून आलं. कॉलेजात पाहिलं नव्हतं असं दृश्य! ती मुलगीही खूश. फोटोबिटो काढले.

सोमवारी तिचा फोन. आवाज पडलेला. "मॅम, तुम्ही नक्की काय शिकवलंत? सकाळपासून राजीनामे येताहेत!"

मी घाबरून म्हटलं, "अगं, मग समजूत काढ त्यांची. राजीनामे परत पाठव."

"कसे परत पाठवू? इतके क्लिअर लिहिलेत की बॉसला पहिल्यांदाच सगळं कळलं. त्यांनी लगेच अ‍ॅक्सेप्ट केले!"

मला पुन्हा काही गाडी आली नाही.

* * *

आणि आता विजयाबाई साने.

नाव एकटीचं, पण खुर्च्या दोन लागायच्या. कारण सानेसाहेब सोबत यायचे. पिंपरीच्या एका कारखान्यात मॅनेजर होते, नंतर व्हीआरएस घेतली. हुकूम द्यायची सवय होती आणि आता हुकूम ऐकायला शिल्लक राहिलेलं माणूस एकच. मी विजयाबाईंना काही विचारलं की उत्तर साहेबांकडून यायचं. "तिला नका विचारू, मी सांगतो."

विजयाबाई लिहायच्या सुरेख. छोटी वाक्यं, मोजकी. पण त्यांची कथा त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलीच नाही. वाचायची वेळ आली की साहेब कागद हातात घेऊन उभे राहायचे. "हिचा आवाज बारीक आहे. मागे पोचत नाही." मग कारखान्याच्या शेडमध्ये बोलल्यासारखं वाचन. वाटेत सुधारणाही करायचे. एका कथेत तर बाईंनी जिवंत ठेवलेल्या दिराला यांनी वाचता वाचता मारून टाकलं. "त्याशिवाय वजन येत नाही," म्हणाले. मी एक-दोनदा म्हटलं, "बाई, आज तुम्ही वाचा ना." त्या नुसत्या हसायच्या आणि कागद साहेबांकडे द्यायच्या.

एका रविवारी मी सगळ्यांना वर्गातच लिहायला बसवलं. विषय दिला, 'आत्ता, या खोलीत'. साहेबांना करायला काही नव्हतं, म्हणून ते खाली पेपर वाचायला गेले. परत आले तेव्हा वाचन सुरू होतं. विजयाबाईंची पाळी आली. त्यांनी नेहमीप्रमाणे कागद पुढे केला.

साहेब उभे राहिले. पट्टा वर ओढला आणि वाचायला लागले, "ते उभे राहिले. त्यांनी पट्टा वर ओढला."

सगळे हसलो. साहेबही हसले. "बघा, निरीक्षण कसं आहे हिचं!" आणि पुढे वाचलं, "सगळे हसले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय."

आता थांबलं तर जास्तच दिसेल, असं साहेबांना वाटलं असावं. ते आणखी जोरात वाचायला लागले. "आता ते आवाज चढवतील." चढलेलाच होता! त्यांनी पटकन खाली आणला. "मग खाली आणतील."

युनूसभाईंनी तोंडाला रुमाल लावला. साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. "मग चष्मा पुसतील." हात अर्ध्यावरून परत आला.

त्यांनी एकदा विजयाबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. साहेबांनी पुन्हा कागदात डोकं घातलं. आता आवाजातली शेड गेली होती. "घरातली प्रत्येक गोष्ट त्यांनीच वाचून दाखवली. शब्द तिचे असायचे, पण आवाज त्यांचा. मग लोकांना गोष्टही त्यांचीच वाटायची. हळूहळू तिलासुद्धा तसंच वाटायला लागलं."

पुढच्या ओळीला त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा हलले.

मागच्या खुर्चीतून युनूसभाई अगदी हळू म्हणाले, "साहेब, मागे पोचत नाहीये."

विजयाबाई उठल्या. त्यांनी साहेबांच्या हातातून कागद काढून घेतला, पर्समधला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मग त्या बोलल्या, आणि आवाज असा लागला की खाली पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या म्हणे.

"आता बसा."

हे त्यांनी कागदात बघून म्हटलं की साहेबांकडे बघून, ते मला माझ्या खुर्चीवरून दिसलं नाही.

सानेसाहेब बसले.