ओळख करून देणारे दाजी

आक्काचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. "तुझं दाजी गेलं रं," एवढंच ती म्हणाली. मी विचारत राहिलो, कसे, कुठे, झालं काय होतं? मागच्याच महिन्यात हा माणूस सांगलीला माझ्याकडे येऊन भडंग खाऊन गेला होता.

दाजींचं घर रहिमतपूरला, संगणक दुरुस्तीचं दुकान कोरेगावात. माझा इथं छोटा छापखाना. पत्रिका, जत्रेची हँडबिलं, सगळं एका म्हाताऱ्या संगणकावर चालतं. त्यातले मराठी टाइप आणि वडिलांच्या वेळची नक्षी जुन्या विंडोजवरच उघडते, नव्यावर नुसते चौकोन दिसतात. म्हणून मी त्या विंडोजला धरून बसलेलो. "पावणं, बायकोला एवढं जपलं असतं तर," असं दाजी म्हणायचे आणि माझी बायको आत चहा गाळता गाळता हसायची.

एकदा मशीन बदललं, तर ही विंडोज त्यात बसेचना. डिस्क डोळ्यांसमोर लावलेली आणि पडदा म्हणतो, डिस्कच नाही. दाजींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आक्काच्या स्वयंपाकघरातून पळवलेला, झाकणावर तिचं नाव घातलेलं, आत लाडवांऐवजी फ्लॉप्या. "डिस्क हाय, पर ह्याची तिच्याशी वळख न्हाई," ते म्हणाले. "मधी एक चिप असती, ती दोघांचं बोलणं करून देती. चिप नवी, विंडोज जुनी. भाषाच कळंना तर बोलणार काय?" विंडोज भरायला घेतली की अगदी सुरुवातीला पडद्याच्या तळाशी एक ओळ येते, बाहेरचा ड्रायव्हर, म्हणजे चिपची ओळख करून देणारा प्रोग्राम, द्यायचा असेल तर एफ-सहा दाबा. बघता बघता जातेही. दाजींनी कळ दाबली. काहीच झालं नाही. मी कुरकुरलो तर म्हणाले, "त्यानं ऐकलंय. विचारंल सवडीनं." आणि खरंच, थोड्या वेळानं त्यानं फ्लॉपी मागितली आणि डिस्क दिसली. तोवर दाजी मुलगी बघायच्या कार्यक्रमातल्या मध्यस्थासारखे डबा मांडीवर घेऊन बसले होते.

शेवटच्या वेळी मात्र मी बोलावलं नव्हतं. मशीन ठणठणीत होतं. दाजी सकाळच्या पॅसेंजरनं आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मदरबोर्ड, संगणकाची मुख्य पाटी, टेबलावर ठेवला. "आतला कवातरी जाणार. मग ह्यो बसवायचा."

"आवं दाजी, जाईल तेव्हा बघू की. तुम्ही आहातच."

 त्या न बसवलेल्या बोर्डाचा ड्रायव्हर त्यांनी चालू मशीनमध्येच घालून ठेवला. "चालतंय तवरच पुढच्याची वळख करून द्यायची. बंद पडल्यावर कोण कुणाला सांगणार?" निघताना डबाही इथंच ठेवला. गाल बसलेले दिसले होते… पण उन्हातून आलेत, असंच मला वाटलं.

आजार त्यांना वर्षभर ठाऊक होता, हे नंतर कळलं. माल आणायला जातो सांगून ते एकटेच साताऱ्याला तपासून यायचे. आक्काला कळलं ते डॉक्टरांनी हात टेकल्यावर. भेटायला आलेले म्हणाले, बायकोला त्रास नको म्हणून लपवलं, केवढं मोठं मन. मला नाही पटत. त्या वर्षात आक्का त्यांच्याशी भांडली असती, रडली असती, पथ्याचं करून घातलं असतं. तिच्या हक्काचं ते वर्ष त्यांनी परस्पर संपवलं. जिवंतपणी मी त्यांना कधी उलटून बोललो नाही, आता बोलायचंय तर ते नाहीत.

उत्तरकार्यानंतर आक्काला मी चार दिवस सांगलीला आणलं. त्यातच संगणक बंद पडला. कोपऱ्यावरचा मेकॅनिक दाजींचा बोर्ड बसवताना म्हणाला, "जुनी विंडोज घेणार न्हाई हे, निळा पडदा येऊन अडणार." बटण दाबलं. विंडोज रोजच्यासारखी उघडली. मी हरखून आक्काला हाक मारली. दाजींनी आधीच सगळी तयारी कशी करून ठेवली होती, ते तिला सांगून टाकलं.

आक्का पडद्याकडे बघत राहिली. मग डबा उचलून तिनं झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं.

"मशीनला आधी सांगून ठिवलं ह्यांनी," ती म्हणाली. "मी काय घोडं मारलं हुतं ह्यांचं?"

डबा नेतेस का, विचारलं तर नको म्हणाली. तो संगणकाशेजारीच आहे. सकाळी बटण दाबलं की मशीन एकदाही अडखळत नाही, आणि मी त्या झाकणाकडे बघायचं टाळतो.