बंद सिलिंडर आणि बाटलीतले बुडबुडे

नमस्कार मंडळी. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि खरं सांगू, तेवढी सवडही नव्हती. मी रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून घरोघरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवतो. चढवा, उतरवा, जोडा, घरच्यांना समजावा... पुढच्या खेपेला तेच परत समजावा. संध्याकाळी कंबर अशी धरते की भुताने झपाटलं तरी त्यालाच दया यावी. दाबाच्या गेजचा काटा दाखवेल ते खरं, बाकी थोतांड — हा आपला खाक्या.

गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, आरे-वारेच्या पुढच्या एका वाडीत माझे एक पेशंट आहेत. दत्ताकाका म्हणू. उभा जन्म बोटीवर, इंजिनरूममध्ये गेला, आता फुप्फुसं कामातून गेलीत. लाईटवर चालणारं मशीन त्यांना दिवसभर ऑक्सिजन देतं. लाईट गेली की कोपऱ्यातला सिलिंडर उघडायचा, नाहीतर काका बघता बघता निळे पडतात. मुलगा मुंबईला. घरात सून, सुजाता वहिनी — शिवणकाम करून घर आणि सासरा दोन्ही ओढणारी बाई.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी तिथे भरलेला सिलिंडर ठेवला. चावी लावून उघडून बघितला, चावी सहज फिरली, परत बंद केला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी वहिनींचा फोन. "दादा, लाईट गेलीय आणि सिलिंडरची चावी फिरतच नाय! शेजारचे पण जोर लावून दमले. तुम्ही या हो लवकर!"

मी नेमका आरे-वारेच्या चढावर अडकलेला. सुट्टीची गर्दी, रस्त्यात गाड्या लावून लोक समुद्राचे फोटो काढतायत! हॉर्न वाजवून हात दुखला, पण कोण हलतंय? आपण पोचेपर्यंत काका राहत नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

पोचलो, तर पडवीतच खोबरेलाचा वास. आत बघतो तर काय — सिलिंडरला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार आणि पायाशी पेटलेलं निरांजन! खंडेनवमीला आमच्याकडे कोयतीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, आणि पुजायच्या आधी ती पुसून त्यांना तेल देतात. वहिनींनी सासऱ्याच्या सिलिंडरलाही दिलं होतं. चावीला, व्हॉल्व्हला, सांध्यांत... सगळीकडे.

"अहो वहिनी, काय करून ठेवलंत हे!" मी ओरडलोच. आधी दिवा विझवला. दाबाचा ऑक्सिजन तेलाला लागला की काडीसुद्धा ओढावी लागत नाही, भडका होतो. इथे तर शेजारी ज्योत होती. चावी फिरली असती तर काका, वहिनी, ते शेजारी... जाऊ दे. एवढा वेळ काकांकडे बघायचा धीर झाला नव्हता, तो आता केला.

काका उशीला टेकून बसलेले. नाकात नळी, नळी त्या बंद सिलिंडरलाच जोडलेली. "आलास काय? ऊन लय हाय, पाणी पी आधी."

बोटाला लावायचं, ऑक्सिजन मोजायचं यंत्र बघितलं. आकडा रोजचाच. "काका, दम नाय लागला?"

"कशाला लागेल? गार येतोय की."

मग मी बाटलीकडे बघितलं. सिलिंडरचा ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून जातो, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. तो येत असला की पाण्यात बुडबुडे उठतात. ते उठत होते. सावकाश, एकसारखे. गेजचा काटा शून्यावर, व्हॉल्व्ह घट्ट बंद, लाईटवरचं मशीन थंड... आणि बुडबुडे! वहिनींना म्हटलं, तुम्हाला दिसतायत ना? त्या बाटलीजवळ वाकल्या. "दिसतायत की!"

हात साबणाने खसखसून धुतले, गाडीतला दुसरा सिलिंडर आणून उघडला, काकांची नळी त्याला जोडली. तेव्हा कुठे पहिल्या बाटलीतलं पाणी शांत झालं.

तेलकट सिलिंडर मिरजोळ्याला आणला. व्हॉल्व्ह रीतसर साफ करून उघडला, तर दोन बोटांनी फिरला. आतला दाब पुरा, म्हणजे ऑक्सिजन जरासुद्धा खर्च झालेला नाही. गळती नाही. आमचे सुपरवायझर म्हणाले, "उन्हात हिंडून हिंडून तुझाच गेज बिघडलाय." हसलो मीही. काय करणार?

पुढच्या खेपेला वहिनींनी विचारलं, "दादा, म्हणजे पूजेनंच वाचले ना हे?"

"मला माहीत नाय वहिनी," मी एकदम तडकलो, "पण परत दिवा लावलात तर सिलिंडर उचलून नेईन!" बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिच्यावर कशाला वरडतोस?" काका म्हणाले. "घाबरलायस तू."

घाबरलोच होतो. अजून घाबरतो. ओळखीच्या टेक्निशियनांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. कुणी खांदे उडवले, कुणी विषय बदलला. आता विचारणंच सोडलंय. फक्त हात जोडून एक विनंती — चमत्कार म्हणून हे कुणाला पाठवू नका. वाचून कुणीतरी भक्तिभावाने सिलिंडरला तेल लावेल, पुढे दिवा ठेवेल... आणि त्या घरात चावी फिरेल.