टॉवेलवरची टोपी

उदगीरच्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली आम्ही किल्ला बघायला येणाऱ्या प्रवाशांसाठी सजवली होती. पहिले पाहुणे, हैदराबादचे दोघे मित्र, त्याच संध्याकाळी येणार होते. बायको सकाळपासून त्याच त्या चादरी ओढून सरळ करत होती.

पडदे लावायला आलेला माणूस आमच्याहून जास्त खुशीत होता. एक पडदा लावला की तो शिडीवरून उतरायचा, दारापर्यंत मागे जायचा, मान तिरकी करून बघायचा आणि स्वतःशीच "झकास" म्हणायचा. काम संपलं तशी त्याची नजर पलंगांवर गेली. तिथे आम्ही नवे पांढरे टॉवेल घडी करून ठेवले होते.

"मालक, टॉवेल हाय, टोपी कुठं हाय?"

"आंघोळीचे आहेत हो ते. हॉटेलात ठेवतात तसे."

"असतील. पन एवढ्या लांबून आलेला पाव्हना म्हनंल, ह्यांनी आहेर अर्धाच केला."

मी हसलो. बायको मात्र लगेच कपाटाकडे गेली. मुलाच्या लग्नातल्या आहेराच्या टोप्या उरल्या होत्या. तिने दोन्ही टॉवेलांवर एकेक ठेवली आणि एक त्यालाही दिली. त्याने ती कपाळाला लावून डोक्यावर घातली, दारापर्यंत मागे गेला, मान तिरकी केली.

"आता या म्हनावं."

पाहुणे परत निघाले तेव्हा टॉवेल ओले होऊन दांडीवर लोंबत होते. टोप्या दोघांच्या डोक्यावर होत्या. गाडी वळेपर्यंत मी मान तिरकी करून बघत राहिलो. झकास.